टोप चुलीर आसा

त्या सकाळी आपण दोघं घरापुढच्या खळ्यात मोठा टोप घासत बसलो होतो. बापू शिंप्याच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि वाडीत सगळ्यात मोठा टोप तोच, म्हणून तोच लागणार होता. करवंटीत चिंच आणि राख, तुझ्या हातात नारळाचं सोडण. तू घासायचीस आणि मी टोप फिरवायचो. एका बाजूचं तांबं लाल झालं की तू म्हणायचीस "फिरवा", की मी फिरवणार. एवढ्या वर्षांच्या संसारात तू मला याहून मोठं काम कधी दिलं नाहीस.

बाहेरून टोप झाला. तू आत वाकलीस आणि कमरेवर हात ठेवून परत सरळ झालीस.

"बूड तुमी घासा. माझो हात पोचणा नाय."

"उद्या घासतंय."

"उद्या कित्या? आज काय बँक उगडूची आसा?"

"बँक तुझ्या भावजीन उगडूची. माका काय त्याचा?"

तू हसलीस. "इतकी वर्सां झाली, अजून तुमचो जीव थंयच अडाकलो," म्हणालीस आणि हात धुवायला मागीलदारी गेलीस. मग पेज जेवलो. तू पडवीत आडवी झालीस. चहा झाला म्हणून मी हाक मारली तर तू उठली नाहीस.

बस, एवढंच. तुझ्याशी शेवटचं बोललो ते तुझ्या त्या भावजीबद्दल, सबनीसाबद्दल. याचा मला राग आहे. दुसरं काहीतरी बोलता आलं असतं.

मला लिहायची सवय नाही. मराठी चौथी झालो, तीही मार खात. जन्मभर काथ्या कुटला आणि सुंभ वळला. पण तू गेल्यावर वाडीतलं प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल बोलून गेलं आणि नवरा तेवढा गप्प बसून राहिला, हे बरं दिसत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ते मला कुणी शिकवू नये. माझ्यात पीळ आहे, आणि ज्याच्यामुळे तो पडला ते आज तुला सांगून टाकतो. जिवंतपणी सांगितलं असतं तर तू हसली असतीस.

हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून आधी भांड्यांचं सांगतो. तुला नव्हे, तुला ठाऊक आहे. लग्नाचं किंवा बारशाचं जेवण उठवायला लागतील एवढी भांडी आपल्या वाडीत एकाच्या घरात कधी नसतात. म्हणून पूर्वी प्रत्येक घराने एकेक मोठं भांडं वाडीला दिलं. कुणी हंडा दिला, कुणी परात, कुणी टोप. ती सगळी आपल्या माजघरात असतात. माझा बाप ती सांभाळायचा, त्याच्यामागे मी. ज्याच्याकडे कार्य असेल त्याने न्यायची, घासून परत आणायची, आणि कल्हई आपल्या खर्चाने करून द्यायची. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठोकलेलं. मोठा टोप तुझा. कुणकेश्वराहून लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या वडलांनी दिलेला. त्याच्या पोटावर तुझं माहेरचं नाव आहे, यमुना. आपल्याकडे आल्यावर तुझं नाव बदललं, पण टोपावरचं कोण बदलणार? पंगतीत बसलेली पोरं ते मोठ्याने वाचायची. आख्ख्या वाडीने ते नाव तोंडातून काढलं. मी कधी काढलं नाही. बायकोला नावाने हाक मारायची आपल्यात रीत नव्हती. "गो" म्हटलं की तू यायचीस. त्या पोरांचासुद्धा मला हेवा वाटायचा, आता काय सांगायचं.

बाजारातली बँक बंद पडली ती गोवा सुटला त्याच्या आदल्या साली. तिचं नाव लिहीत नाही. बुडालेल्याचं नाव काढू नये असं तूच म्हणायचीस. मासळी विकणाऱ्या बायकांनी, मुंबईची मनिऑर्डर येणाऱ्या घरांनी, सगळ्यांनी तिथे पैसे ठेवले होते. आपलेही होते. पैसे ठेवा म्हणून दारोदार सांगत फिरला होता तो बँकेचा कारकून सबनीस. काळी टोपी, धुतलेलं धोतर आणि सायकल. आधी चार दिवस बाजारात कुजबुज झाली, आणि जो तो धावत जाऊन आपले काढून आणायला लागला. मी सुंभ घेऊन कसालच्या बाजाराला गेलो होतो. तुला बायका म्हणाल्या चल, तर तू म्हणालीस, "ते इल्यार बगू." मी आलो तोवर बँकेच्या दाराला कुलूप आणि कुलपाखाली चिकटवलेला कागद.

मग एके दिवशी सबनीस सायकल हातात धरून वाडीत आला. त्याची नोकरी गेली होती. त्याला यायचं काही कारण नव्हतं, हे मी कबूल करतो. चंद्राक्का मासळीवाली पाटी खाली ठेवून त्याच्या अंगावर धावली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! माझ्या चेडवाच्या लग्नाचे पैशे खंय घातलंस रे?"

माणसं जमली. कुणीतरी त्याची टोपी उडवली. तेव्हा तू मधे शिरलीस. "मारूचो तर मगे मारा. आदी त्याका सांगूक तरी दिया." त्याला आपल्या पडवीत आणून बसवलंस. पाणी दिलंस, वर गुळाचा खडा दिलास. आणि म्हणालीस, "भावजी, घाबरू नकात."

भावजी! मला भाऊ नाही. माझ्या बापाला मी एकटा. हा भावजी कुठून उगवला?

सबनीस बोलायला लागला. तो सावंतवाडीकडचा, पण बँकेत बसून बसून त्याची भाषा कागदासारखी झालेली. ठेवी, तारण, रोकड, थकबाकी. माणूस खोटं बोलत नव्हता हे मलाही दिसत होतं, पण लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तू दाराच्या चौकटीला टेकून त्याला एकेक विचारायला लागलीस.

"म्हंजे आमचे पैशे बँकेच्या पेटयेत नायच होते?"

"थोडे होते वहिनी. सगळे नव्हते."

"मगे खंय होते?"

"कर्जाऊ दिलेले होते."

"कोणाक?"

तोंडातल्या घासातून काटा काढावा तसं तू त्याच्यातून एकेक काढत होतीस. त्याला सगळं माहीत होतं, तुला काही माहीत नव्हतं, आणि तू विचारत होतीस. माझ्याशी इतका वेळ तू कधी बोलली होतीस? भाताला पाणी किती, एवढ्यात आपलं बोलणं संपायचं. शेवटी तू म्हणालीस, "थांबा. माका कळला. आता मी सांगतंय." पदर खोचलास, खळ्यात उतरलीस आणि सुरू झालीस, "समजा, तुमी वाडीक एक टोप दिलास..."

मी तिथेच उठलो आणि खाडीकडे चालायला लागलो. तिथे माझा काथ्या भिजत होता. घर माझं, पडवी माझी, आणि त्यात एक वहिनी म्हणतोय, दुसरी भावजी म्हणतेय, आणि समोर वाडी तोंड उघडं टाकून बसलीय. मला बघवेना.

तुला वाटलं असेल एक दिवसाचं आहे. तसं झालं नाही. बाजारातला एक व्यापारी वाडीवाडीतून माणूस फिरवायला लागला. पासबुक द्या, रुपयाला चार आणे रोख घ्या. घाबरलेला माणूस चार आणेसुद्धा घेतो. तू सबनीसाला घेऊन फिरायला लागलीस. तू पुढे, तो सायकल ढकलत मागे. प्रत्येक वाडीत बायका जमवायच्या, टोपाची गोष्ट सांगायची, आणि शेवटी बजावायचं, पासबुक विकू नका. आणि वर आपल्या पदराला गाठ मारून शब्द द्यायचीस, "पैशे नाय इले तर माझ्या दारात येवन बसा."

मी एकदा घरात भडकलो. "तू कोण गो बँकेची? मालकीण?"

"कोण नाय. म्हणान तर लोक आयकतत."

"आणि नाय इले पैशे म्हंजे? वाडीवाडीतली माणसा हंय येवन बसतली. तेंका काय तुझो भावजी पेज घालतलो?"

"घालीत," म्हणालीस. "भावजी गरीब आसत, पण तुमच्यासारखे कुरकुरे नाय."

मग मी एकदा, एकदाच, तुला म्हटलं, "माका सांग ती गोष्ट. सगळ्यांका सांगतंस, माका सांग." तू तांदूळ पाखडत होतीस. सूप थांबवलं नाहीस. "तुमका काय सांगूचा? तुमका ठावक आसा," म्हणालीस. मी त्याचा अर्थ घेतला तो असा की या दगडाला सांगून उपयोग काय. त्यानंतर मी विचारलं नाही. "समजा, तुमी वाडीक एक टोप दिलास" हे वाक्य मी आरतीपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेन. त्याच्या पुढचं दुसरं वाक्य कधी ऐकलं नाही, कारण पहिल्यालाच उठायचो.

आता तू गेल्यावर ती गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी मिळतेय. लोक येतात, डोळे पुसतात आणि बँकेचं बोलतात. बायकोबद्दल बोलतील म्हणून मी कान देतो, तर बँक.

चंद्राक्का आली. आता तिला पाटी झेपत नाही, काठी टेकत आली. म्हणाली, "वैनी सांगा होती, टोप दिलास म्हंजे तो फडतळार बसान ऱ्हवणा नाय. कोणाच्या तरी लग्नात जाता. जाता म्हणान कल्हय होता. घरातच ठेवन दिलास तर हिरवो पडतलो. बँकेचा व्याज म्हंजे ती कल्हय गो बाये." आणि हमसून हमसून रडली.

मी मनात म्हटलं, हा पहिला तुकडा. माझ्या बायकोचं बोलणं, आणि ते मला चंद्राक्काकडून मिळतंय.

बापू शिंप्याकडे दुसरा होता. "एक टोप धा घरांक पुरता, कित्या? तर धा घरांची लग्नां एका दिवशी नसतत म्हणान. धाय घरा एकाच दिवशी टोप मागूक इली, तर टोप चोरूक नको कोणी, तरी वाडी बुडाली. अशी म्हणा होती ती. काय डोक्याची बायल रे तुझी!"

काय डोक्याची, हे बापू मला सांगणार.

तिसरा तुकडा आपल्या लेकीकडे, सुमनकडे निघाला. ती आरोंद्याहून आली ती अजून इथेच आहे. मी सहज विचारल्यासारखं केलं, "गो, आवस ता टोपाचा काय सांगा होती पुढे?" ती म्हणाली, "पुढे? दोन परीचे टोप. एक टोप चुलीवरचो. तो उशिरान येता, पण येता. दुसरो टोप सांभाळणाऱ्यान आपल्याच मेव्हण्याक दिलो, आणि मेव्हण्यान मोडीत घालून खाल्लो. तो येवचो नाय, त्याची आशा धरू नकात. बँकेत दोनय परीचे आसत. कोर्टान माणूस नेमलो आसा, तो चुलीचुलीर जावन बघता, खंयचो टोप खंय तो. तवसर थांबा." मग सुमन आईसारखं बोट वर करून म्हणाली, "आणि जो चार आणे देवन तुमचो टोप मागता, त्याका ठावक आसा टोप येतलो. नायतर त्यान चार आणे तरी कित्याक दिल्यान असते?"

ते शेवटचं ऐकून मी उठून मागीलदारी गेलो. कसली तुझी अक्कल गो! माझ्या घरातली, आणि माझ्या कानावर पडायला तुला मरावं लागलं.

आपलं भांडण कशावरून होतं ते आठव. मी म्हणायचो, बँक चोरांनी बुडवली. तू म्हणायचीस, "अर्धी चोरांनी, अर्धी धावणाऱ्यांनी. आदी आतून वाळवी लागली, मगे वरसून सगळ्यांनी पाय दिले." मी म्हणायचो, वाळवी नसती तर पाय दिल्याने काय झालं असतं? तू म्हणायचीस, पाय दिले नसते तर पडायच्या आधी वासा बदलता आला असता. बँकेचा विषय सगळे विसरले तरी आपण दोघं भांडत होतो. माझं अजूनही तेच म्हणणं आहे. चोरच ते. आता उत्तर दे.

पैसे आले. हप्त्याहप्त्याने, वर्षं घेत, निम्म्याहून जास्त आले. बाकीचे कधी आले नाहीत. ज्यांनी पासबुकं विकली त्यांचे व्यापाऱ्याने घेतले. तुझं ऐकून जे थांबले त्यांनी तुला नारळ आणून दिले, ओटी भरली. चंद्राक्का तेवढी ओटी भरायला आली नाही. तिच्या चेडवाचं, लेकीचं, ठरलेलं लग्न पैसे वेळेवर नाहीत म्हणून मोडलं होतं. ती खळ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "तुझो टोप इलो गो, पण वरात परत गेल्यार इलो. चार आणे तरी माका तेव्हा गावले असते." आणि दुपारभर तिने तुला शिव्या घातल्या. तू एक शब्द बोलली नाहीस. ती गेल्यावर तू येऊन माझ्या शेजारी बसलीस, सुंभाचं टोक हातात धरलंस आणि मी वळत राहिलो. त्या दिवशी वाडीतलं कुणी आलं नाही, सबनीस आला नाही. मला बरं वाटलं. तू रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं, कारण तू माझ्याजवळ बसली होतीस. लोकांनी तुला शिव्या दिल्या तरच तू माझ्या वाट्याला येणार असशील, तर देऊ देत, असं माझ्या मनात आलं. असा मी आहे. पुढे चंद्राक्काच्या चेडवाचं दुसरीकडे जमलं आणि लग्नाला मोठा टोप तूच स्वतः पोचवलास. त्या दिवसापासून ती तुझी झाली.

तेराव्याचं जेवण वाडीच्या भांड्यांत झालं. मोठा टोप मी काढू दिला नाही. सुमन म्हणाली, "बाबा, भात दोनदा करूक लागतलो." म्हटलं, दोनदा करा, तीनदा करा. तो टोप मी लोळवत मागीलदारी नेऊन उपडा घातला होता, बूड न घासलेला. बापूने नातीचं लग्न तेराव्यापुढे ढकललं, म्हणून त्याची घाई नव्हती.

आणि त्या दिवशी दुपारी पंगत उठल्यावर सबनीस आला.

म्हातारा झालाय. टोपी गेली, केसही गेले. कोल्हापुराकडे कुठल्याशा दुकानात हिशेब लिहितो म्हणे. त्याला उशिरा कळलं. खळ्यात पाय ठेवल्याबरोबर तो रडला, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडला. हे मला आवडलं नाही. माझ्या दारात रडायचा पहिला मान माझा. पण माणूस एवढ्या लांबून आलेला. पाणी दिलं. गूळ दिला नाही.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही एकदाही शेवटपर्यंत बसला नाहीत."

"कित्याक?"

"वहिनींच्या टोपाच्या गोष्टीला."

"माका काय करूची ती? तुझी आणि तिची गोष्ट ती. तुमीच सांगत फिरलास."

त्याने माझ्याकडे बघितलं. "माझी? अहो, तुमची गोष्ट ती."

मला वाटलं याचं डोकं प्रवासाने फिरलंय. तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी मी रोकड, तारण करत होतो आणि कुणाला काही उमजत नव्हतं. तुम्ही उठून गेलात तेव्हा वहिनी म्हणाल्या की भावजी, ह्या सगळा आमच्या ह्येंनी एकदा उंबऱ्यावर उभं राहून एका वाक्यात सांगितलंय. आणि मग त्यांनी टोपाची गोष्ट पुरी केली. पुढे प्रत्येक वाडीत गोष्ट संपली की इकडे, तुमच्या खाडीच्या दिशेला हात करून म्हणायच्या, 'ह्या माझा नाय हां. थंय काथ्यात बसलेल्या त्या माणसाचा ह्या. टोप मागूक लोकांनी खळा भरला तेव्हा ह्येंनी सांगल्यानी.' लोकांना पाठ झालं होतं ते."

सुमन दारात उभी होती. "बाबा, तुमका म्हायत नाय?" म्हणाली. "आमी समाजलो तुमका म्हायत आसा."

तेव्हा मला आठवलं. बँकेच्या आधीची गोष्ट. वैशाख होता. तांब्याचा भाव चढला होता आणि मी वाडीची भांडी मोडीत घातली अशी आवई कुणीतरी उठवली. सकाळी उठतो तर खळं माणसांनी भरलेलं. आमचो हंडो दी, आमची परात दी, टोप दाखय. भांडी गाडीतून कसालला एका लग्नाला गेलेली. मी तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं. उंबऱ्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "टोप चुलीर आसा! भात शिजल्यार येतलो! ज्याका घाय आसा त्यान कसालाक जावन अर्धो कच्चो भात भुंयर वतूचो आणि टोप घेवन येवचो!" कुणीतरी हसलं, मग सगळे हसले आणि घरी गेले. संध्याकाळी भांडी आली. मी दुसऱ्या दिवशी विसरून गेलो. असं मी रोज कुणाला ना कुणाला ओरडतच असतो.

तू दारामागे उभी असशील. तू ते उचलून ठेवलंस.

"मगे माका कित्या सांगूक नाय कोणी?" मी सबनीसाला विचारलं.

"मी एकदा म्हणालो होतो त्यांना, सांगूया. त्या म्हणाल्या, नको. चढून बसतील. सुंभ वळायचा सोडून गावोगाव भाषणं करत फिरतील. आणि त्यांना काय सांगायचं, त्यांना ठाऊकच आहे."

तुमका ठावक आसा. सूप न थांबवता म्हणाली होतीस.

मी त्याला आणखी एक विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "माझा सांगताना ती हसा होती काय?"

सबनीस म्हणाला, "हसायच्या. पदर तोंडाला लावून."

बघ. ते हसणं सबनीसाने बघितलं. चंद्राक्काने बघितलं, बापूने बघितलं, नावगाव ठाऊक नसलेल्या वाड्यांतल्या बायकांनी बघितलं. मी सोडून सगळ्यांनी. इतकी वर्षं मला वाटायचं तू त्या सबनीसाच्या नादाने फिरतेस, आणि तू फिरत होतीस ते माझं ओरडणं सांगत. आता माझा राग कुणावर काढू? सबनीसावर काढता येत नाही. तुझ्यावर काढायला तू नाहीस. राहता राहिला तो उंबऱ्यावरचा माणूस. तोंड न धुता ओरडणारा. आता मला त्याचाच हेवा वाटतो गो. त्याची गोष्ट तू किनाराभर सांगितलीस. माझ्याशी मात्र भाताचं पाणी.

आणि तरी, चंद्राक्का दुपारभर शिव्या घालत होती तेव्हा तू म्हणू शकली असतीस की हे माझ्या नवऱ्याचं डोकं, त्याला शिव्या घाल. नाही म्हणालीस. कौतुक माझ्या नावावर टाकलंस आणि शिव्या आपल्या. हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. याला काय म्हणायचं ते मला येत नाही, मराठी चौथी झालेला माणूस मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस पहिल्या एस.टी.ने गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला कुणाला "भावजी" म्हणू देणार नाही, पण सुमनने त्याला वाटेसाठी गूळ बांधून दिला तो मी बघितला नाही असं केलं.

मग मागीलदारी गेलो. टोप सरळ केला, आडवा पाडला आणि डोकं आत घालून बूड घासलं. आत आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. चिंच संपली, परत आणली. बूड लाल झालं तेव्हा ऊन खळ्यात आलं होतं. उचलायला माझ्या एकट्याच्याने होणार नव्हतं, म्हणून लोळवत पुढे आणला, तीन दगडांवर चढवला, खाली जाळ केला. तांब्याभर पाणी घातलं. एक मूठ तांदूळ टाकले. ते बुडाला कुठे गेले ते दिसलेसुद्धा नाहीत.

बापू शिंपी गाडी घेऊन आला. उद्या लग्न.

"टोप न्हेवक इलंय रे."

"टोप चुलीर आसा," मी म्हटलं.

तो जवळ आला, आत डोकावला. "ह्या काय? एका माणसाच्या पेजेक आख्ख्या वाडीचो टोप?"

"भात शिजल्यार येतलो."

त्या वैशाखातल्या गर्दीत बापू पुढेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग टोपाच्या पोटावरच्या नावाकडे बघितलं. गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितलं आणि पायरीवर बसून विडी पेटवली. मी चुलीपुढे बसलो. यमुना, असं मी वाचलं. मोठ्याने. बापू दुसरीकडे बघत होता.

विडी संपल्यावर तो म्हणाला, "वायच जाळ लाव रे मेल्या. ह्या असा रातीपर्यंत शिजाचा नाय."

"लावतंय," मी म्हटलं, आणि जाळातलं एक लाकूड मागे ओढलं.